‘शैक्षणिक समस्यांचा अभ्यास’ हे शीर्षक घेऊन ऊसतोडीच्या मुलांवर पीएचडी करू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगते. तुम्ही एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलंय, बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर ९ वर्षं काम करताय, आता पीएचडीला नंबर लागलाय. गाइड शिक्षणशास्त्राचे आहेत, त्यांनी शीर्षक दिलंय ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या पाल्यांच्या शैक्षणिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास’, आणि ३०० पालकांकडून प्रश्नावली भरून घ्या, टक्केवारी काढा, सहा प्रकरणं लिहा असं सांगितलंय. तुम्ही विचारताय की हे असंच करू का, नोकरी सांभाळून जमेल का आणि प्रबंध मराठीत लिहिला तर चालेल का.

मी समाजकार्य महाविद्यालयात २६ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची १४ वर्षं गाइड होते. ७ जणांची पीएचडी माझ्याकडं पूर्ण झाली आणि दोघांची अर्धवट राहिली. त्या दोघांचं मला अजून वाईट वाटतं कारण फिल्डवर दोघंही फार चांगले होते, अडकले ते प्रश्न नीट न ठरल्यामुळं. म्हणून जरा लांब लिहिते, सवडीनं वाचा.

आधी शीर्षक. शोधगंगावर, म्हणजे देशातले पीएचडीचे प्रबंध ठेवतात त्या वेबसाइटवर जाऊन ‘शैक्षणिक समस्यांचा अभ्यास’ एवढंच टाकून बघा, प्रबंधांची रांग लागेल, फक्त जिल्ह्याचं आणि समाजाचं नाव बदललेलं. आणि निष्कर्ष? गरिबी, स्थलांतर, पालकांची निरक्षरता, व्यसन, शाळेत गळती. हे निष्कर्ष तुम्हाला आज माहीत आहेत, तुमच्या संस्थेच्या ड्रायव्हरला पण माहीत आहेत. जे आधीच माहीत आहे ते ३०० घरांत जाऊन विचारायचं आणि टक्केवारीत मांडायचं यात तुमची चार-पाच वर्षं जाणार असतील तर माझा सरळ सल्ला आहे, करू नका. ‘समस्या’ हा शब्द आला की प्रबंध यादी बनतो, आणि यादीला कुणी विरोध पण करत नाही आणि कुणी वापरत पण नाही.

तुमच्याकडं जे आहे ते दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्याकडं नाही, ९ वर्षं त्या वस्त्यांवर जाणं-येणं. मग स्वतःला असं विचारा की एवढ्या वर्षांत असं काय दिसलं जे अजून मला उलगडलेलं नाही? माझ्या एका विद्यार्थिनीला मी हेच विचारलं होतं, ती पण मराठवाड्यातलीच. ती म्हणाली, एकाच तांड्यावरची दोन घरं आहेत, मजूर नेणारा मुकादम एकच, उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे जवळपास सारखेच, जमीन दोघांकडं नाहीच म्हणा, तरी एका घरची पोरगी दिवाळीनंतर गावात राहते आणि दहावीपर्यंत जाते, आणि दुसऱ्या घरची आईबापासोबत ट्रकमध्ये बसते आणि सातवीनंतर दिसतच नाही, असं का होतं तेच कळत नाही. मी म्हटलं, हा तुझा विषय. घरात कोण मागं राहणार आणि कोण कोयत्यासोबत (तोडीला निघालेल्या जोडप्याला कोयता म्हणतात) जाणार हे कोण ठरवतं, कधी ठरवतं, कशावरून ठरवतं. हा प्रश्न विचारला की गरिबी, वसतिगृह, आजी जिवंत आहे का, मुलीची सुरक्षितता, धाकटं भावंड, उचल, लग्न सगळं त्यात आपोआप येतं, पण यादी म्हणून येत नाही, एकमेकांत गुंतलेलं येतं. तुम्ही हाच प्रश्न घ्या असं नाही, तुमचा तुमच्याकडंच असेल, पण त्याला ‘का’ किंवा ‘कसं’ लागलं पाहिजे.

गाइडचं काय करायचं? ‘सर, विषय बदला’ असं तोंडी म्हणू नका, त्यानं संबंध बिघडतात आणि पुढची पाच वर्षं त्यांच्याच सहीवर आहेत. दोन पानं लिहून न्या. पहिल्या पानावर आधी झालेल्या चार-पाच प्रबंधांचे निष्कर्ष, दुसऱ्या पानावर तुम्हाला पडलेला प्रश्न आणि तो सरांच्याच विषयात कुठं बसतो ते. शिक्षणशास्त्राच्या लोकांना चलं, गृहीतक, टूल (प्रश्नावलीसारखं माहिती गोळा करायचं साधन) हे दिसलं की धीर येतो, ते त्यांना द्या, त्यात चुकीचं काही नाही. सरांनी तुमचं ऐकून शीर्षकात ‘समस्यां’च्या जागी ‘शालेय सातत्य आणि कुटुंबातील निर्णयप्रक्रिया’ असं काही घेतलं तरी अर्धं काम झालं. विषयाची मान्यता व्हायच्या आधी हे सगळं करा, नंतर शीर्षक बदलायला कागद फिरवत बसावं लागतं.

आता वेळापत्रक, आणि इथं बहुतेक जण फसतात. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएचडीचे नियम सांगतात की कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, महिलांना आणखी २ वर्षांची सवलत, बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा, आणि दर सहा महिन्याला सल्लागार समितीपुढं प्रगती मांडायची. हे झालं विद्यापीठाचं कॅलेंडर. तुमच्या लोकांचं कॅलेंडर वेगळं आहे. कारखान्यांची धुराडी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात, दसरा-दिवाळीच्या आसपास गावं रिकामी होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, तेव्हा लोक परततात. म्हणजे तीन वर्षांत तुम्हाला तीनच हंगाम मिळणार, त्यातला एक कोर्सवर्क आणि विषयाच्या मान्यतेत जाणार, उरले दोन. ज्या विद्यार्थ्यानं हे धरलं नाही तो जूनमध्ये टूल घेऊन गावात गेला आणि लोकांना ‘तिकडं असताना मुलगा शाळेत जायचा का’ असं विचारत बसला, आठवणीवर. आठवणीतलं उत्तर आणि उसाच्या फडावर बघितलेलं यात फार फरक असतो. तुमचं नाव आत्ता लागलंय ना, तर पहिला हंगाम फक्त बघायला जा, काही भरून घ्यायचं नाही, वही ठेवायची. दुसरा हंगाम मुख्य डेटाचा. तिसरा राहिलेल्या धाग्यांसाठी.

आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगते जी तुम्हाला नक्की पटेल. राज्यात ४ जुलै २०१५ ला शालाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं होतं, मुलांच्या बोटाला शाई लावून. तारीख बघा, जुलै. जुलैत ऊसतोडीची सगळी मुलं गावात असतात, शाळा नुकती सुरू झालेली असते, दप्तरं नवी असतात. त्या दिवशी ती मुलं शालाबाह्य नव्हतीच! तीच पाहणी जानेवारीत झाली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. म्हणून कुठलाही सरकारी आकडा प्रबंधात घालताना तो कुठल्या महिन्यातला आहे हे आधी बघा आणि वाचकाला सांगा, हंगामी स्थलांतराच्या विषयात नुसतं वर्ष लिहून भागत नाही.

तसंच हजेरीपटाचं. एकदा एका गावच्या शाळेत फेब्रुवारीत मी आणि माझी विद्यार्थिनी हजेरीपट बघत बसलो होतो. पाचवीच्या वर्गात १९ मुलं समोर बसलेली, पटावर ३४, आणि पटावर बहुतेकांपुढं ‘ह’. जी मुलं दीडशे-दोनशे किलोमीटरवर कारखान्याच्या तळावर होती त्यांचीही हजेरी. गुरुजी वाईट माणूस नव्हते, उलट त्यांनीच आम्हाला चहा दिला आणि कपाटातून मागच्या चार वर्षांचे पट काढून दिले. म्हणाले, मॅडम, पट कमी दाखवला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, मग उरलेल्या मुलांना कोण शिकवणार. हे वाक्य माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण झालं. शिक्षण विभागाच्या नोंदीत स्थलांतर कमी का दिसतं याचं कारण आळस किंवा भ्रष्टाचार एवढंच नसतं, पदांचं गणित पटाला बांधलेलं आहे हे पण असतं. अशा शाळेचं नाव प्रबंधात कधीच घालू नका, तालुका पण ओळखू येईल असा लिहू नका, त्या गुरुजींनी विश्वासानं दाखवलंय.

टूलबद्दल. ३०० प्रश्नावल्यांचा आग्रह सरांनी धरला तर पूर्ण मोडून काढू नका, पण त्यांचं काम मर्यादित ठेवा. मला विचाराल तर तीन थर करा. गावातल्या शाळांच्या मदतीनं २००-३०० घरांची छोटी माहिती, एका पानाची, कोण गेलं कोण राहिलं, कुठं गेलं, घरात म्हातारं माणूस आहे का, वसतिगृह चालू आहे का. मग त्यातली २५-३० कुटुंबं निवडून गाव ते फड ते गाव असा पूर्ण हंगाम त्यांच्या मागं. आणि तिसरं, मुलांचं वाचन. वाचनासाठी नवीन चाचणी बनवत बसू नका, ‘प्रथम’ या संस्थेची मुलांच्या वाचन-गणिताची ‘असर’ पाहणी २००५ पासून चालू आहे, तिचं मराठी टूल उघड उपलब्ध आहे, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एका मुलाला काही मिनिटं पुरतात. निघायच्या आधी ऑक्टोबरात एकदा घ्या आणि परतल्यावर मेच्या आत एकदा. गावात राहिलेली आणि सोबत गेलेली अशा दोन्ही मुलांची घ्या. मूल सहा महिन्यांत किती मागं गेलं किंवा गेलं नाही हे तुमच्या हातात येईल आणि सरांना त्यांची टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) पण करता येईल.

पण इथं एक सापळा आहे. हंगामी वसतिगृहाचा (आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवायची सोय) लाभ घेऊन गावात राहिलेल्या मुलांचं वाचन चांगलं निघालं तर लगेच ‘वसतिगृहामुळं सुधारणा’ असं लिहू नका. कोण मागं राहतं? ज्या घरी आजी धडधाकट आहे, ज्या घरचा मोठा मुलगा आधी शिकलाय, ज्या आईला गुरुजींवर भरवसा आहे. म्हणजे राहणारी घरं आधीपासूनच वेगळी आहेत. म्हणून ऑक्टोबरची चाचणी महत्त्वाची, आणि म्हणून निर्णय कसा होतो हा प्रश्न महत्त्वाचा. बाहेरचे परीक्षक व्हायव्हाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, हेच विचारतात, आणि विचारलंच पाहिजे.

मुलाखतीबद्दल मी माझीच चूक सांगते, कारण ती मला फार शिकवून गेली. माझ्या स्वतःच्या पीएचडीच्या वेळी मी पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्याच्या तळावर ६२ प्रश्नांची छापील मुलाखत अनुसूची घेऊन गेले होते. संध्याकाळची वेळ, कोप्यांच्या म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या ओळी, सगळीकडं धूर, एक बाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी शेजारी पोत्यावर बसून विचारत होते, पाल्याच्या शिक्षणाबाबत आपला दृष्टिकोन अनुकूल, तटस्थ की प्रतिकूल. ती पीठ मळता मळता म्हणाली, “बाई, तुमाला जे पायजे ते लिवा, पन माज्या पोरीचं नाव यादीत घाला.” तिला वाटलं मी कुठल्यातरी योजनेची यादी करतेय. म्हणजे तोपर्यंतच्या ४० घरांत मला मिळालेली सगळी ‘अनुकूल’ उत्तरं यादीत नाव लागावं म्हणून होती. त्या रात्री मी झोपू शकले नाही. दुसऱ्या दिवशी अनुसूची पिशवीतच ठेवली आणि एकच विचारलं, काल सकाळी उठल्यापासून तुमची पोरगी कुठं कुठं होती?

मग बोलणं सुरू झालं. आईबाप पहाटे चारला फडावर गेले. दहा वर्षांची पोरगी कोपीत, सोबत आठ महिन्यांचा भाऊ. बाळ रडलं की त्याला कडेवर घेऊन ती फडावर जाते, आई मोळी बांधता बांधता थांबून अंगावर पाजते, पोरगी परत येते. मग पाण्याच्या दोन खेपा. मग पुन्हा बाळ. कारखान्यानं जागा दिलेली साखरशाळा, म्हणजे ऊसतोडीच्या मुलांसाठी तळाजवळ हंगामापुरती भरणारी शाळा, तिथून किलोमीटरभर होती आणि चालू होती. पोरगी तिथं दोन दिवस गेली होती, बाळाला घेऊन, बाळ रडलं म्हणून वर्गात अडचण झाली आणि ती यायची थांबली. ‘पालकांची उदासीनता’ म्हणून माझ्या फॉर्ममध्ये जो चौकोन होता त्यात हे कुठंच बसत नव्हतं. शाळा होती, आईची इच्छा होती, पोरगी हुशार होती, बाळाला ठेवायला जागा नव्हती एवढंच. आणि ही गोष्ट आपल्याकडं कुणाला सुचली नव्हती असं पण नाही, बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढं कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथं आहे आणि ज्या कामात अडकलंय तिथून शाळेचा विचार सुरू करायचा, हे त्यांनी करून दाखवलं होतं. ऊसतोडीवरचा प्रबंध लिहिताना संदर्भ साहित्याच्या प्रकरणात परदेशी व्याख्या भरण्याआधी हे वाचा, मनापासून सांगते.

तर कालचा दिवस विचारा. ‘नेहमी काय करता’ असं विचारलं की माणूस शोभेचं उत्तर देतो, ‘काल’ विचारलं की खरं सांगतो. वेळ कुठली गाठायची ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण नवख्यांसाठी लिहिते: गाडी भरायची असेल त्या रात्री कुणाला गाठू नका, खाडा पडला तर पैसे कापले जातात म्हणून फडावर काम थांबवून बोलायला लावू नका, अवकाळी पाऊस झाला किंवा कारखाना बंद पडला की तोड थांबते तो दिवस मोकळा असतो. बाया कपडे धुवायला जातात तिथं सगळ्यात चांगलं बोलणं होतं.

संमतीपत्र. विद्यापीठाची एथिक्स कमिटी सही किंवा अंगठा मागेल. आता विचार करा, या लोकांच्या आयुष्यात कागदावर अंगठा कधी लागतो? उचल घेताना, मुकादमापुढं. अंगठा म्हणजे सहा महिने बांधून घेणं. तुम्ही कागद पुढं केला की बाप मागं सरकतो आणि तुम्ही लिहिता ‘प्रतिसाद दिला नाही’. कमिटीला हे लेखी समजावून सांगा आणि तोंडी संमतीची परवानगी मागा, त्यांच्या बोलीत चार वाक्यं, नको वाटलं तर कधीही थांबता येईल हे त्यात हवं, आणि ती साक्षीदारापुढं किंवा रेकॉर्डिंगमध्ये घ्यायची. चांगली कमिटी ऐकते. मुलांशी बोलताना आईबापांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागतं. आणि मुकादमाला टाळून तळावर जाता येत नाही हे खरं, पण मुकादमासोबत कोपीत शिरायचं नाही. त्याला आधी भेटायचं, काम सांगायचं आणि मग एकटं जायचं.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. मुलाखतीत एखादी पोरगी अत्याचाराचं काही सांगून गेली तर? ‘तुमचं बोलणं कुणाला सांगणार नाही’ असं वचन आपण सगळीकडं देतो, पण पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार अशी माहिती कळली तर ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, संशोधक म्हणून सूट नाही. तेरा-चौदाव्या वर्षी लग्न ठरल्याचं कळेल, ते तर कळेलच, कारण लग्न झालं की जोडप्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते, हे गणित सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी काय करायचं, कुणाला फोन करायचा, १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरला कधी लावायचा, मुलीला त्यानंतर कुठं ठेवता येईल हे फिल्डवर जायच्या आधी लिहून काढा. आणि संमती घेतानाच सांगा की मूल धोक्यात आहे असं कळलं तर मला मदत बोलवावी लागेल. माझ्या एका विद्यार्थ्यावर ही वेळ आली होती, त्याचं सगळं फिल्डवर्क दोन महिने थांबलं, त्यानं योग्यच केलं, पण तयारी नसल्यामुळं त्या मुलीला जास्त त्रास झाला.

तुमची अडचण अजून एक आहे, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये. लोक तुम्हाला संस्थेच्या ताई म्हणून ओळखतात. दाखला, ॲडमिशन, शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड), रेशन यासाठी तुमच्याकडं येतात. त्यांना तुम्ही ‘संस्था मदत करते का’ विचारलं तर ते काय सांगणार? म्हणून खोलातल्या मुलाखती तुमची संस्था जिथं काम करत नाही अशा गावांत घ्या, निदान अर्ध्या तरी. आणि तुमच्याच गावांत घ्यायच्या असतील तर स्वतःच्या कामाबद्दल विचारू नका, ते दुसऱ्याला विचारू द्या. हे बंधन वाटेल पण ९ वर्षांचं काम खोटं ठरू नये म्हणूनच सांगतेय.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. रोज रात्री वही लिहायची, कितीही दमला तरी, दुसऱ्या दिवशी अर्धं गेलेलं असतं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला सहा-सात तास लागतात, ते हिशेबात धरा, आणि गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोललेलं असेल तर ती भाषा घरी बोलणारं माणूस सोबत घ्या. दहा मुलाखती झाल्या की लगेच वाचायला बसा, शेवटपर्यंत साठवू नका. आणि उचल, कोयता, खाडा, वाढं (उसाचे हिरवे शेंडे), पट्टा हे शब्द तसेच ठेवा. ‘अग्रिम रक्कम’ लिहिलं की उचलीतली भीती निघून जाते.

नोकरी सांभाळून होतं. २०२२ च्या नियमात पार्ट-टाइम पीएचडीला परवानगी आहे, संस्थेकडून ना-हरकत पत्र लागतं. पण तुमच्या कामाचा जोर आणि तुमच्या डेटाचा हंगाम एकाच वेळी येतो ही खरी अडचण आहे. संस्थेशी आत्ताच बोला आणि दुसऱ्या वर्षी डिसेंबर-जानेवारी असे दोन महिने बिनपगारी का होईना मागून घ्या, रविवारी-रविवारी जाऊन हा अभ्यास होत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थांपैकी तुम्ही ज्यात बसता तिची फेलोशिप बघा, पण पगार चालू असताना ती सहसा घेता येत नाही, जाहिरातीतल्या अटी नीट वाचा. पैशाचा हिशेब घरच्यांसमोर बसून करा, नवऱ्याला, सासूला माहीत असू दे की नोव्हेंबर ते मार्च तुम्ही घरी कमी दिसाल.

मराठीत लिहा. तुमच्या विद्यापीठाच्या तुमच्या शाखेत चालतं का ते ऑर्डिनन्समध्ये (विद्यापीठाच्या नियमावलीत) बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी चालतं. बाहेरचे दोन परीक्षक लागतात, ते मराठी वाचणारे हवेत एवढं गाइडनी आधीच डोक्यात ठेवायचं. तुमच्या सगळ्या मुलाखती मराठी आणि बोलीत असणार, त्या इंग्रजीत नेताना निम्मं सांडतं. सारांश मात्र चांगल्या इंग्रजीत करून घ्या म्हणजे बाहेरच्यांना सापडेल. पेपर छापणं २०२२ च्या नियमात सक्तीचं राहिलेलं नाही, विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, पण दोन हजार रुपये घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नका. केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, पण २०२५ मध्ये यूजीसीनं बंद केली, त्यामुळं जर्नल कसं आहे हे आता आपणच पारखायचं. वाङ्मयचौर्याची, म्हणजे दुसऱ्याशी जुळणाऱ्या मजकुराची, मर्यादा १० टक्के आहे, संदर्भ साहित्याचं प्रकरण दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलायची सवय इतकी पडलीय की टायपिंग सेंटरवाले तयार प्रकरण देतो म्हणतात. तुमच्याकडं सांगायला स्वतःचं एवढं असताना त्या दारात पाऊल ठेवू नका.

आता लगेच काय करायचं ते सांगते. लोक निघायला दोन-अडीच महिने आहेत. संस्थेच्या कामाबाहेरची तीन गावं निवडा, तिथल्या मुख्याध्यापकांना भेटा, मागच्या हंगामात कोण मुलं गेली होती त्यांची त्यांच्या वहीतली यादी मागा, सरकारी नको, त्यांची स्वतःची. त्या यादीतल्या दहा घरी जा, काही विचारू नका, फक्त यंदा कोण राहणार आहे एवढं ऐका. आणि ट्रक भरायच्या दिवशी पहाटे तिथं थांबा. कोण वर चढतं, कुणाला शेवटच्या क्षणी खाली उतरवतात, आणि ते कोण ठरवतं, हे वहीत लिहा. ती दोन पानं घेऊन सरांकडं जा आणि मग मला कळवा ते काय म्हणाले.